कडू पाण्याचे मीठ

गेल्या हिवाळ्यात एका घरगुती समारंभाच्या निमित्ताने आम्ही चोपड्याला गेलो होतो. यजमान मूळचे भाईंदरकडचे. नोकरीच्या बदलीने जळगाव जिल्ह्यात आले आणि पुढे इथेच राहिले. घरात शिरताच दर्शनी खोलीत काचेची एक मोठी पेटी दिसली. आत निळसर उजेड, थोडे दगड, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. हे समुद्राचे मासे आहेत, असे यजमानांच्या मुलीने आम्हांला अभिमानाने सांगितले. चोपड्यापासून सुरतेचा किनारा सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरांच्या पलीकडे. तेव्हा साहजिकच आम्ही विचारले की पाणी कुठून आणता? तिने एक पुडके पुढे केले. नळाचे पाणी गाळून घ्यायचे आणि त्यात हे मीठ मोजून विरघळवायचे, की झाला समुद्र!

घरातले आजोबा कोपऱ्यात बसून हे ऐकत होते. तरुणपणी त्यांनी भाईंदरच्या मिठागरात काम केलेले. त्यांनी हात पुढे केला, तळव्यावर चिमूटभर मीठ घेतले आणि मुलगी “आजोबा, चाखू नका” म्हणेपर्यंत जिभेवर ठेवलेही. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “कडू आहे. आम्ही जे पाणी फेकून देत होतो ना, ते यात आहे.”

वाचकहो, आजोबांच्या त्या एका वाक्याने आम्हांला पुढे कित्येक दिवस जुनी पुस्तके चाळायला लावली. मत्स्यपेटीचे हे मीठ येते तरी कुठून? आणि सातपुडा उत्तरेस व तापी दक्षिणेस घेऊन बसलेल्या या गावात मीठ पूर्वी कसे येत असे? हे दोन प्रश्न निराळे वाटतात, पण शोध घेऊ लागलो तेव्हा ते एकाच वाटेवर भेटले.

चोपडा हे जुने गाव. अकबराच्या काळी अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त खानदेशाचे वर्णन करताना त्याची नोंद मोठे, भरवस्तीचे गाव म्हणून केली आहे आणि गिरणा-तापी संगमावरील रामेश्वराच्या यात्रेचाही उल्लेख केला आहे. गावाला महत्त्व होते ते रस्त्यामुळे. सुरत बंदरातून निघून नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा आणि पुढे बऱ्हाणपूर असा हा राजमार्ग तापीच्या सोबतीने वर चढे, आणि बऱ्हाणपुराहून तो आग्र्याकडे वळे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ सालच्या नोव्हेंबरात जहांगीराच्या भेटीसाठी याच वाटेने गेला; त्याच्या रोजनिशीत चोपडा ‘चापरे’ या रूपात येते. त्याच शतकात फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये याने सुरत-बऱ्हाणपूर वाटेवरील मुक्काम कोसांनिशी लिहून ठेवले, त्यांतही चोपडा आहे.

राजदूत आणि जवाहिरे अधूनमधून जात. रोजची वाहतूक मात्र निराळ्याच लोकांची होती. टॅव्हर्नियेच्या ग्रंथात बैलांच्या तांड्यांचे एक वर्णन आहे. दहा-बारा हजार बैलांचा तांडा समोरून आला की अरुंद वाटेवर प्रवाशाला दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबून राहावे लागे. हे तांडेवाले घरदार करीत नसत. बायकामुलांसह वाटेवरच त्यांचा जन्म जाई. त्यांच्यात चार जमाती असून प्रत्येकीने एकच जिन्नस वाहायचा, असे तो सांगतो: एकीने धान्य, दुसरीने तांदूळ, तिसरीने डाळी आणि चौथीने मीठ. मीठ वाहणारे गळ्यात मिठाची पिशवी अडकवीत. ती कधी आठ-दहा पौंडांची असे, आणि जितकी जड तितका मान मोठा. सकाळी प्रार्थनेपूर्वी पश्चात्तापाची खूण म्हणून ती पिशवी ते पोटावर आपटून घेत. उपासकाळात आपण छातीवर हात मारतो त्याची आठवण हे वाचताना आम्हांला झाल्याशिवाय राहिली नाही.

हेच आपले लमाण, बंजारा, वंजारी. लमाण हा शब्दच ‘लवण’ या शब्दावरून आला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. खानदेशातले धान्य किनाऱ्याकडे न्यायचे आणि परतताना बैलांच्या पाठीवर मीठ लादून आणायचे, हा त्यांचा शतकानुशतकांचा उद्योग. चोपड्याच्या बाजारात मीठ पोहोचे ते असे, घाट चढून आणि नद्या उतरून. म्हणून ते पावलापावलाने महाग होत येई. आपल्या भाषेने या खाऱ्या वस्तूला ‘मीठ’, म्हणजे मूळ अर्थाने ‘गोड’, हे नाव दिले, त्यातच तिचे मोल कळते.

आता आजोबांच्या कडू पाण्याकडे वळू. मिठागर ही वस्तू आपल्या वसई-भाईंदरच्या वाचकांना सांगायला नको, पण नाशिक धर्मप्रांतातल्या वाचकांसाठी थोडे लिहितो. उधाणाच्या भरतीला उघाडी काढून समुद्राचे पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचे. तेथून ते एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवीत न्यायचे, म्हणजे ऊन आणि वारा यांनी ते दाट होत जाते. प्रथम चुन्याचे क्षार खाली बसतात, मग जिप्सम. पाणी मूळच्या एकदशांशाइतके उरले की शेवटच्या वाफ्यात पांढरे स्फटिक धरू लागतात. हेच आपले खाण्याचे मीठ. ते ओढून काठाला ढीग लावायचे. पण वाफ्यात अजून एक तेलकट, जाडसर पाणी उरलेले असते. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, पोटॅशियम असते, ब्रोमाइड असते. ते कडू लागते, आणि मिठात राहिले तर पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते. म्हणून चांगला आगरी ते वेळीच काढून टाकतो. आजोबा टाकीत होते ते पाणी हेच.

माशाला मात्र ते हवे असते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले ३० ग्रॅम सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपले मीठच. उरलेल्या पाचांत सल्फेट सुमारे २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४, आणि बाकीचे किंचित किंचित. स्वयंपाकघरातले मीठ पाण्यात घालून समुद्र का होत नाही, त्याचे उत्तर या पाच ग्रॅमांत आहे. शिवाय घरातल्या मिठात ते मोकळे राहावे म्हणून वेगळे द्रव्य मिसळलेले असते, ते निराळेच.

हे प्रमाण सगळीकडे सारखे असते का? १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाचे इंग्रजी जहाज जगाच्या समुद्रांतून फिरले. त्याने आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: खारटपणा कमीअधिक असेल, पण मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळपास एकच. कृत्रिम समुद्राला शास्त्राचा पक्का आधार मिळाला तो येथे. प्रयत्न मात्र आधीच सुरू झाले होते. ‘अॅक्वेरियम’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ करणारे इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ च्या सुमारास लंडनमध्ये साधे मीठ, जुलाबाचे एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड एवढ्या चार जिनसांतून समुद्राचे पाणी तयार केले होते. तरीही मोठ्या संस्थांचा विश्वास खऱ्या पाण्यावरच राहिला. १९३० साली शिकागोत शेड मत्स्यालय उघडले तेव्हा फ्लोरिडातील की वेस्टहून रेल्वेच्या २० टाकी-डब्यांनी आठ फेऱ्या करून दहा लाख गॅलन समुद्र आणला! लमाणांच्या तांड्याने पाणी मागे ठेवून मीठ तेवढे उचलले, शिकागोकरांनी पाण्यासकट उचलले, एवढाच फरक. घरोघरच्या पेट्यांसाठी पुडक्यातले तयार मीठ अमेरिकेत १९६४ पासून विकले जाऊ लागले. आपल्या मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला, जे १९५१ साली मरीन ड्राईव्हवर सुरू झाले, ही विवंचना नव्हती. समुद्र रस्त्यापलीकडेच होता.

पुन्हा चोपड्याच्या वाटेवर येऊ, कारण मधल्या काळात त्या वाटेवर फार काही घडले होते. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. मुंबई इलाख्यात १८३८ पासून मिठावर मणामागे आठ आणे कर बसला. (हा मण सुमारे ३७ किलोंचा.) १८४४ साली तो एकदम एक रुपया करण्यात आला, तेव्हा सुरतेची माणसे रस्त्यावर उतरली, दंगल झाली आणि सरकारला माघार घेऊन तो बारा आण्यांवर आणावा लागला. गांधीजींच्या ८६ वर्षे आधी, आणि दांडीपासून फार दूर नसलेल्या गावी झालेला हा मिठाचा लढा शालेय पुस्तकांत सहसा येत नाही याचे आम्हांला नवल वाटते.

कर पुढे चढतच गेला, तरी १८६९ साली मुंबई इलाख्यात तो एक रुपया तेरा आणे होता, तर उत्तरेकडे तीन रुपये. स्वस्त मीठ महागाकडे चोरून जाऊ नये म्हणून सरकारने जी योजना केली, ती वाचून वाचकांना ही कादंबरी वाटेल. सिंधू नदीपासून महानदीपर्यंत २,३०० मैलांची जकातीची रेषा आखली आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसे पहाऱ्याला बसविली. तिच्या मोठ्या भागावर बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग आणि थोर यांचे काटेरी कुंपण वाढविले. हे कुंपण नेटाने उभे करणारे अधिकारी होते अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८८५ च्या काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपण ज्यांना ओळखतो तेच. ही रेषा दक्षिणेत बऱ्हाणपुराला येऊन भिडली होती, म्हणजे चोपड्याहून निघालेल्या तांड्याला चार-पाच मुक्कामांवर काट्यांची भिंत आणि झडती. रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाने या विसरलेल्या कुंपणाचा शोध घेत हिंदुस्थानभर वणवण केली आणि २००१ साली त्यावर पुस्तक लिहिले, तोवर ही गोष्ट जवळपास कोणाच्या लक्षातही नव्हती.

१ एप्रिल १८७९ रोजी ही रेषा मोडण्यात आली. पण कशी? कुंपणापलीकडचा कर थोडा उतरवून आणि अलीकडचा, म्हणजे मुंबई व मद्रास इलाख्यांचा, अडीच रुपयांपर्यंत वाढवून! दोन्हीकडे दर जवळजवळ सारखे झाल्यावर कुंपण कशाला? ही वाढ झाली तो काळ १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळाचा. ज्याच्या ताटात भाकरीबरोबर मीठ-मिरचीखेरीज काही नसे, त्या मजुराच्या मिठावर दुष्काळात कर वाढला. श्रीमंत आणि गरीब यांना मीठ सारखेच लागते. उन्हात राबणाऱ्याला तर थोडे अधिकच. म्हणूनच हा कर सरकारला सोयीचा होता आणि म्हणूनच तो अन्यायाचा होता, असे आमचे मत आहे. तो पुरता गेला १९४७ साली.

दरम्यान वाटच बदलली. १८६० च्या दशकात रेल्वे मुंबईहून घाट चढून भुसावळकडे आली, आणि १९०० साली तापी खोऱ्याची रेल्वे सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरला पोहोचली. ती तापीच्या दक्षिणेने गेली. चोपडा पलीकडच्या तीरावर राहिले ते आजतागायत राहिले आहे. मीठ आता अमळनेर, धरणगाव येथे उतरे आणि बैलगाडीने नदी ओलांडून गावात येई. लमाणांचे बैल रिकामे झाले. पिढ्यान्‌पिढ्या इमानाने देशाला मीठ पुरविणाऱ्या या लोकांपैकी अनेकांची नावे १८७१ च्या कायद्यान्वये ‘गुन्हेगार जमातीं’त चढली, आणि हा कलंक १९५२ पर्यंत पुसला गेला नाही. खाल्ल्या मिठाला जागावे म्हणतात. इथे मीठ खाणाऱ्यांनी मीठ आणणाऱ्यांना कसे वागविले ते इतिहासात नोंदले गेले आहे.

समुद्र नसलेल्या या मुलखात मुळीच मीठ नव्हते, असेही नाही. चांगदेवजवळ तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या वऱ्हाडातील खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींचे पाणी इतके खारे की त्यापासून मीठ काढता येई. १९३० साली किनाऱ्यावर सत्याग्रह सुरू झाला तेव्हा अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे १३ एप्रिल रोजी अशाच विहिरीच्या पाण्याचे मीठ करून कायदा मोडण्यात आला. समुद्राला मुकलेल्यांनी जमिनीखालचा समुद्र शोधून काढला म्हणायचा.

आता पुडक्यातले कडू मीठ. पहिल्या महायुद्धापूर्वी मॅग्नेशियम क्लोराइड आपल्याकडे जर्मनीहून, स्टासफुर्टच्या खाणींच्या मुलखातून येई. मुंबईच्या गिरण्यांत सुताला खळ देताना ते लागे, कारण ते हवेतला ओलावा धरून ठेवते आणि धागा तुटत नाही. ज्या गुणामुळे ते मिठात नको, त्याच गुणामुळे ते गिरणीला हवे! १९१४ साली युद्ध पेटले आणि जर्मन माल बंद झाला. तेव्हा लक्ष गेले ते कच्छच्या छोट्या रणातील खाराघोड्याकडे. तिथे समुद्राचे नव्हे, जमिनीखालचे अतिखारे पाणी विहिरींतून काढून ‘वडागरे’ नावाचे जाड खड्यांचे मीठ होते, आणि त्या पाण्यात मॅग्नेशियमही भरपूर. आजवर टाकून दिलेले कडू पाणी आटवून तेथे मॅग्नेशियम क्लोराइड तयार होऊ लागले. खानदेशचा कापूस मुंबईच्या गिरणीत गेला आणि त्याच्या सुताला रणातले हे कडू मीठ लागले. पुढे मिठापूरला आणि भावनगरच्या संशोधन संस्थेत, जी १९५४ साली निघाली, समुद्राच्या उरल्यासुरल्या पाण्यातून आणखी काय काय मिळेल त्याचा अभ्यास झाला.

तेव्हा मत्स्यपेटीच्या पुडक्यावर निळ्या समुद्राचे चित्र असले तरी आतला समुद्र बहुधा एका जागचा नसतो. साधे मीठ मिठागरातले, नाहीतर कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राच्या खाणीतले. मॅग्नेशियमचे क्षार मिठागराच्या कडू पाण्यातले किंवा मृत समुद्रासारख्या खाऱ्या सरोवरातले. पोटॅशियम खाणीतले. कॅल्शियम क्लोराइड पुष्कळदा सोड्याच्या कारखान्यात चुनखडीपासून मागे उरलेले, आणि खायचा सोडाही तिथलाच. काही कंपन्या खरे समुद्रमीठ पायाला घेतात आणि उणीव तेवढी भरून काढतात. समुद्र आधी उन्हाने सुटा केला, प्रत्येक तुकडा वेगळ्या बाजारात गेला, आणि कोणीतरी ते तुकडे पुन्हा वजनाने एकत्र बांधले.

यात मीठ काढणाऱ्या हातांचा पत्ता कोठे लागत नाही. रणातले अगरिया पावसाळा सरला की कुटुंबासह त्या उजाड सपाटीवर उतरतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत तिथेच राहतात. त्यांची पावले खाऱ्या पाण्याने इतकी टणक होतात की चितेतही नीट जळत नाहीत, असे तिकडे सांगतात. आजोबांनीही आपला पाय आम्हांला दाखवला. भाईंदर सोडून त्यांना चाळीस वर्षे झाली, तरी टाचेच्या भेगा बुजलेल्या नाहीत. त्यांच्या ओळखीची बरीच मिठागरे आता बंद पडली.

बोलता बोलता त्यांनी एक जुनी आठवण काढली. त्यांच्या लहानपणी स्नानसंस्काराच्या वेळी फादर बाळाच्या जिभेवर चिमूटभर मीठ ठेवीत. १९६९ च्या नव्या विधीत ते राहिले नाही. बाळ तोंड वेडेवाकडे करी आणि सारे हसत, असे ते म्हणाले. मग थोडे थांबून: “ते मीठ आमच्याच आगरातले असायचे. आई घरून न्यायची.”

तो दिवस पेटीतले पाणी बदलण्याचा होता. मुलीने नव्या पाण्यात मीठ विरघळवून त्यात काचेची तरंगणारी नळी सोडली. आजोबांनी लगेच वाकून पाहिले. अशीच नळी मिठागरात पाण्याचा दाटपणा पाहायला असे. “साडेतीन डिग्री असेल,” ते म्हणाले, “मीठ पडायला पंचवीस लागते.” मुलीने नळीवरचा आकडा वाचला. तो निराळ्या मापाचा होता, पण हिशेब केला तेव्हा आजोबांचे बरोबर निघाले.

जुन्या पाण्याची बादली तिने मोरीत ओतली. तापी इथून पाचसात कोसांच्या आत आहे. सातपुड्याचा आणि दख्खनचा काळा खडक पावसाच्या पाण्याने झिजतो, त्यातला सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम नदीबरोबर नकळत खाली वाहत जातो आणि सुरतेला समुद्रात पडतो. असा तो युगानुयुगे जात आला आहे. लमाणांचे बैल तेच ओझे त्याच नदीच्या काठाने वर आणीत होते. बादली रिकामी करून मुलगी परत आली तेव्हा आजोबा पुडक्याची घडी घालून ते कोरड्या जागी ठेवीत होते, ओलावा लागू नये म्हणून.